दोन्ही हातांनी

चहा ओत रे एर्मेक, पण अर्धीच वाटी. काठोकाठ भरून दिलीस तर मला वाटेल, हा म्हातारा कधी उठतोय याचीच तू वाट बघतोयस. आणि ते दार नीट लाव. खिंडीतला वारा आत येतोय.

आज दिवसभर तुम्ही प्रथमोपचाराच्या वर्गात त्या रबरी माणसाचं डोकं धरून गुडघ्यावर बसला होतात. मी खिडकीतून बघत होतो. ही मेरीम तर त्याच्या कानात काहीतरी सांगत होती आणि बाकीचे फिदीफिदी हसत होते. हसा, हसा. आम्हीही हसलो होतो. डॉक्टर मामिरबेक पहिल्यांदा गावोगाव हिंडून सांगायला लागला, की रस्त्यावर पडलेल्याला उचलू नका, तेव्हा लोकांनी त्याला वेड्यात काढलं होतं. आपला माणूस जमिनीवर पडलाय आणि आपण नुसतं डोकं धरून बसायचं? शोभतं का ते? आपल्याकडची रीत काय, तर चौघं धावणार, कुणी हात धरणार, कुणी पाय, आणि मिळेल त्या गाडीच्या मागच्या सीटवर कोंबणार. मन चांगलं, पण रीत घातकी. बत्तीस वर्षं मी या हॉस्पिटलची गाडी चालवली, दारात आलेल्या कितीतरी गाड्यांची दारं मी उघडली. आतला माणूस जिवंत असायचा, पण कमरेखाली मेलेला. लोक म्हणायचे, नशीब. नशीब कसलं, आपल्याच हातांनी केलेलं.

आता ऐका. कोक-बुलाकचा केनेश तुम्हाला माहीत असेल. निळी जीप, जाड मिशा, बोलायला कमी. ही त्याची गोष्ट आहे, एका रात्रीची. त्यानं मला एकदाच सांगितली आणि म्हणाला, परत विचारू नकोस. शेवटचा तुकडा मी स्वतः पाहिलाय, तेवढ्याची जबाबदारी माझी. बाकीचं त्यानं सांगितलं तसं.

पण आधी त्या रात्रीच्या दोन वर्षं मागं जायला लागेल. नोव्हेंबर होता. कोक-बुलाकच्या दवाखान्याची नर्स झूराकान, सगळ्या गावाची थोरली बहीण, म्हणून लहानथोर तिला एजेच म्हणायचे. ती केनेशच्या जीपमधून घरी निघाली होती. सारी-बेलच्या घाटात सातव्या वळणाच्या पुढं एक गाडी उलटलेली दिसली. बारा-तेरा वर्षांचा एक पोरगा भर रस्त्यात पडला होता, शुद्धीवर होता, पण मान धरून कण्हत होता. झूराकान उतरली ती थेट त्याच्या डोक्याशी गुडघे टेकून बसली आणि दोन्ही हातांत त्याचं डोकं धरलं. तुम्हाला शिकवलंय तसंच. एकदा धरलं की सोडायचं नाही. दुसरा येतो, आपले हात लावतो, मोठ्यानं 'धरलं' म्हणतो, तेव्हाच पहिल्यानं हात काढायचे. हा नियम तिनंच अख्ख्या गावाकडून घोटून घेतला होता.

ती केनेशला म्हणाली, "केनेश, दिवा घे आणि मागं वळणावर जाऊन उभा राहा. येणारी प्रत्येक गाडी थांबव. मी आता इथून हलू शकत नाही."

केनेश गेला. मोठी बॅटरी होती, हलवत उभा राहिला. खालून एक हिरवी झिगुली आली आणि थांबली. आतून शार्शेन अक्साकाल उतरला. गावातला सगळ्यात वयस्कर माणूस, म्हणून अक्साकाल, आणि केनेशच्या बापाचा मित्र. सवयीनं दोन्ही हात पुढं करून आला.

आता तुम्हीच सांगा, ऐंशी वर्षांचा माणूस दोन्ही हात पुढं करतो, तेव्हा आपण काय करतो? एक हात देतो? बॅटरी धरलेला हात देतो? आईबापाला शिव्या खायला लावायच्यात का? केनेशनं बॅटरी विझवली, कोटाच्या खिशात टाकली आणि दोन्ही हातांनी म्हाताऱ्याचे हात धरले. सलाम केला. म्हाताऱ्यानं विचारलं, आई बरी आहे? गुरं बरी आहेत? गवत पुरेल ना वसंतापर्यंत? केनेशनं एकेकाचं उत्तर दिलं. मधे तोडून बोलायचं कसं? पुढं अपघात झालाय हे सांगायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात कोळशाचा ट्रक झिगुलीला वळसा घालून पुढं गेला.

कितीसा वेळ गेला असेल? आठ-दहा श्वासांचा.

झूराकानला ट्रक दिसला असणार. उठून बाजूला झाली असती तर वाचली असती. उठली नाही. पोराच्या तोंडावर ओणवी झाली, एवढंच. पोराला ओरखडासुद्धा आला नाही, आज घोड्यावर बसून मेंढरं हाकतोय. तिची पाठ मात्र... राहू द्या. लोक जमले तेव्हा तिचा जीव गेला होता आणि हात तसेच होते. एकेक बोट उकलून काढावं लागलं. तोपर्यंत दुसऱ्या कुणी डोक्याला हात लावून 'धरलं' म्हटलंच नव्हतं.

केनेशनं सगळ्यांना सांगितलं, बॅटरी संपली. लोकांनी मान हलवली, नशीब म्हणाले. शार्शेन अक्साकालनं खरं काय ते फोडलं नाही, पण त्या दिवसापासून त्यानं कुणाचे हात हातात घेतले नाहीत. पाठीमागं बांधून ठेवायचा. पुढच्या वर्षी पहिलं गवत उगवताना तो वारला. केनेशनंच त्याला खांदा दिला.

झालं ते झालं. आता त्या रात्रीचं.

फेब्रुवारीची नऊ तारीख, शुक्रवार. डॉक्टर मामिरबेकनं कोक-बुलाकसाठी जखमीला बांधून न्यायचा एक पाट दिला होता, तसलाच, नारिंगी प्लॅस्टिकचा, ज्यावर तुम्ही आज एकमेकांना बांधत होतात. केनेश तो न्यायला आला. माझ्याच बरोबर बसून त्यानं नूडल्सचं सूप प्यायलं, पाट जीपच्या टपावर बांधला आणि साडेनऊला निघाला. चेष्टा करत मी म्हटलं, "देव करो आणि हा पाट तुमच्या गावात नुसता धूळ खात पडो." तो हसला, म्हणाला, "धूळ पुसायचं काम बायकोला सांगतो."

त्याला एकच मुलगा. तालाय, तेव्हा एकोणीस वर्षांचा. जपानहून आलेली जुनी गाडी, आपल्या सगळ्यांच्या गाड्यांसारखं डावीकडं नाही, उजव्या बाजूचं स्टेअरिंग, आणि पट्टा लावायची लाज. हो, तुम्ही सगळे तसलेच. पट्टा लावला तर चालवणाऱ्याचा अपमान होतो म्हणे. त्या रात्री तालाय मित्राकडं लग्नाला म्हणून गावातून खाली निघाला होता. बाप वर चढतोय, लेक खाली उतरतोय, रस्ता एकच. घाटात कुठंतरी दोघं समोरासमोर येणार, दिवे उघडमीट करणार आणि आपापल्या वाटेनं जाणार. असं नेहमीच व्हायचं.

घाटाच्या पायथ्याशी फोनला शेवटची रेंज मिळते. तिथं केनेशनं बायकोला फोन केला.

ती म्हणाली, "नऊलाच निघालाय की. भेटला नाही अजून?"

"येईल आता," केनेश म्हणाला.

पण मनात त्यानं हिशेब केला. गावापासून पायथ्यापर्यंत चाळीस मिनिटं. दहा वाजून गेले होते. तालाय आत्तापर्यंत समोरून यायला हवा होता.

पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. बारीक बर्फ पडत होता, पिठासारखा कोरडा. वर उजेड दिसतो का म्हणून तो काचेला नाक लावून बघत होता. तिसऱ्या वळणावर त्यानं उगाच हॉर्न वाजवला. चौथ्यावर स्वतःलाच समजावलं, पोरगं वाटेत कुणाकडं तरी चहाला थांबलं असेल. घाटात घर कुठलं आणि चहा कुठला? पाचव्यावर त्यानं वेग वाढवला. सहाव्यावर तो देवाचं नाव घ्यायला लागला.

सातवं वळण. दोन वर्षांत तिथून जाताना त्यानं कधी बाजूला पाहिलं नव्हतं.

त्या रात्री बघावं लागलं.

रस्त्यात कुणीतरी गुडघे टेकून बसलं होतं. त्याच्याकडं पाठ करून. डोक्याला रुमाल बांधलेला, त्यावर बर्फ साचलेला. पलीकडं खडकाला टेकून एक गाडी आडवी पडली होती आणि तिचं एक चाक वाऱ्यानं हळूहळू फिरत होतं.

उजव्या बाजूचं स्टेअरिंग.

केनेश धावला. तालाय उताणा पडला होता, डोळे उघडे. बापाला बघून ओठ हलले.

"बाबा... एजे म्हणते, हलू नको."

तालाय पुढं म्हणाला, "एजेचे हात फार गार आहेत, बाबा."

आपलं माणूस जमिनीवर पडलेलं बघवत नाही. सगळं शिकलेलं क्षणात विसरायला होतं. केनेश वाकला, पोराच्या काखेत हात घालायला गेला. उचलायचं, जीपमध्ये घालायचं, हॉस्पिटल गाठायचं, एवढंच डोक्यात.

तेवढ्यात ती बोलली. मान न वळवता. नेहमीच्याच आवाजात.

"केनेश. दिवा."

एवढंच.

त्याचे हात पोराला लागण्याआधीच थांबले. तो उलटा फिरला, जीपमधून बॅटरी काढली आणि वळणावर जाऊन उभा राहिला. कसा गेला, त्याचं त्याला आठवत नाही. मागं वळून बघायची छाती नव्हती. दिवा हलवत राहिला. दोन्ही हातांनी धरला होता.

वारा थांबला होता. बर्फ सरळ खाली पडत होता.

खालून उजेड आला. मंद, पिवळा. गाडीचा आवाज नव्हता. वळणावरून ती गाडी वर आली आणि त्याच्यापुढं थांबली.

हिरवी झिगुली.

दार उघडलं. शार्शेन अक्साकाल उतरला. डोक्यावर पांढरी टोपी, अंगावर तोच कोट. ज्याला केनेशनं स्वतः खड्ड्यात उतरवलं होतं, मूठभर माती टाकली होती...

दोन्ही हात पुढं करून तो चालत आला.

"सलाम, पोरा."

केनेश गप्प.

"आई बरी आहे?"

गप्प.

"गुरं बरी आहेत?"

केनेशनं दिवा आणखी वर धरला. उभ्या आयुष्यात त्यानं कधी वडीलधाऱ्याला उत्तर द्यायचं टाळलं नव्हतं. मेलेल्याला तरी कसं टाळायचं? त्याच्या अंगातलं हाड न् हाड त्याला सांगत होतं, दिवा ठेव, हात दे, सलाम कर.

"गवत पुरेल ना... वसंतापर्यंत?"

म्हातारा वीतभर अंतरावर आला होता. बर्फ त्याच्या टोपीवर पडत नव्हता. तळवे उघडे, रिकामे, पुढं केलेले. डोळ्यांत राग नव्हता, ओळख होती. तेच जास्त वाईट होतं, असं केनेश म्हणाला.

"हात नाही देत, केनेश?"

...

"दोन्ही हात दे, बाळा."

...

केनेश रडत होता. हात दिला नाही. दिवा खाली घेतला नाही. तोंडातून फक्त एवढंच निघालं, "बाबा, माझं पोरगं आहे तिकडं."

आणि मग खालून घरघर ऐकू आली.

ट्रक. कोळशाचा. वळण घेऊन वर आला आणि झिगुली उभी होती त्या जागेतूनच, तिच्या आरपार, पुढं आला. केनेश रस्त्याच्या मधोमध उभा राहून दिवा हलवत होता. ब्रेक किंचाळले. ट्रक बर्फावरून घसरत, तिरका होत, केनेशला घासून पुढं गेला...

थांबला.

तालायच्या पायापासून चार हातांवर.

ट्रकवाला खाली उडी मारून आला आणि आईबहिणीवरून सुरू झाला. मग पुढं पोरगं पडलेलं पाहिलं आणि ट्रकमध्ये परत चढला. त्याच्याकडं वायरलेस होता. खाली दुसऱ्या ट्रकला सांगितलं, त्यानं चौकीला, चौकीनं आम्हाला. त्यानं स्वतःचा ट्रक आडवा लावला, सगळे दिवे पेटवले आणि केनेशच्या हातातली बॅटरी घेतली.

"जा तू पोराकडं," म्हणाला. "एकटाच पडलाय बिचारा."

एकटाच.

केनेश गेला. त्याला ती अजून दिसत होती. तशीच बसलेली. त्यानं शेजारी गुडघे टेकले. तोंड रुमालाआड होतं, बघायची हिंमत झाली नाही. तिच्या हातांवरून आपले हात नेऊन त्यानं तालायचं डोकं दोन्ही बाजूंनी धरलं. तिची बोटं त्याच्या तळव्यांखाली होती. बर्फापेक्षा गार.

आता त्यानं एकच शब्द म्हणायचा होता. तुम्हाला माहीत आहे कुठला.

पण दोन वर्षं ज्या गोष्टीनं त्याला आतून पोखरलं होतं, तीच आधी तोंडावाटे आली.

"एजे," तो म्हणाला, "बॅटरी संपली नव्हती. मीच खिशात टाकली होती."



"मला माफ कर, एजे. म्हाताऱ्याचा मान राखायला गेलो आणि तुझा जीव घेतला. मी खोटं बोललो. सगळ्या गावाला खोटं सांगितलं."

रडत रडत कितीतरी बोलला. डोकं वर केलं, तेव्हा समोर कुणीच नव्हतं. गुडघ्यांच्या खुणासुद्धा नाहीत. पण त्याच्या तळव्यांखाली बोटं होती... तशीच. घट्ट.

तिथं जाऊन पोचायला आम्हाला पंचावन्न मिनिटं लागली. गाडी मीच चालवत होतो. केनेश पुतळ्यासारखा बसलेला, मिशांवर बर्फ गोठलेला. आमच्या नर्सनं त्याच्या हातांवर हात ठेवले आणि म्हणाली, "धरलं. सोडा आता." त्यानं सोडलं. नर्स दचकून म्हणाली, "किती गार पडलंय पोरगं." त्याच नारिंगी पाटावर आम्ही त्याला बांधून आणलं.

मानेचं हाड दोन जागी मोडलं होतं. डॉक्टर मामिरबेकनं एक्स-रेचा फोटो उजेडात धरून बघितला. मग म्हणाला, "केसभर हललं असतं तरी पोरगा गेला असता. अपघात झाल्या क्षणापासून कुणीतरी हे डोकं धरलं होतं. कोण होतं?" केनेश भिंतीकडं बघत राहिला. ट्रकवाला म्हणाला, मी आलो तेव्हा कुणी नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात केनेशनं झूराकानच्या नवऱ्यापुढं उभं राहून खरं काय ते सांगितलं. नवऱ्यानं ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. बरोबरच केलं त्यानं, मी तरी दोष देणार नाही.

तालाय वाचला. चालतो, गाडी चालवतो, आता पट्टाही लावतो. जून महिन्यात बाप त्याला तपासायला घेऊन आला. मी तिथंच बाकावर बसलो होतो. डॉक्टरनं नवा फोटो काढला. हाड जुळलं होतं, मान मोकळी होती.

डॉक्टर म्हणाला, "वळव मान. भिऊ नकोस."

तालाय म्हणाला, "वळत नाही, डॉक्टर."

"दुखते का?"

"दुखत नाही."

"मग?"

तो पोरगा बापाकडं बघायला सगळ्या अंगानं वळला. घोड्याला लगाम ओढून वळवतात तसा. आणि हळूच म्हणाला, "धरून ठेवलीय."

केनेशनं हातांत तोंड लपवलं. त्या रात्री एजेला 'धरलं' म्हणायचं राहूनच गेलं होतं. तो शब्द म्हणायला केनेश त्या वळणावर पुन्हा पुन्हा जात होता, हे मला तेव्हा कळलं. गुडघे टेकायचा, रिकाम्या रस्त्यावर हात धरायचा आणि म्हणायचा. तिथं ऐकायला कुणी नव्हतं.

डॉक्टरनं तालायचे केस बाजूला केले. दोन्ही कानशिलांवर, पुढं एकेक आणि कानांमागं चार-चार, पांढऱ्या खुणा होत्या. हिमानं कातडी जळते ना, तशा. बारीक, बाईच्या बोटांएवढ्या. त्यानं एका खुणेवर बोट ठेवलं आणि लगेच मागं घेतलं. माझ्याकडं बघितलं, म्हणून मीही उठून हात लावला.

बाहेर कडक ऊन होतं. हॉस्पिटलमागच्या कालव्यात पोरं पोहत होती, त्यांचा आरडाओरडा आत येत होता. माझी बोटं संध्याकाळपर्यंत बधिर होती.